नरक्या: घाटातलं झुडूप, नंदुरबारचा माणूस आणि कॅन्सरचं एक औषध

सह्याद्रीत फिरणाऱ्या बहुतेकांनी नरक्या पाहिलेला असतो पण ओळखलेला नसतो. आंबोली, राधानगरी, महाबळेश्वर, कोयनेचा पट्टा, जिथे जिथे सदाहरित नाहीतर निमसदाहरित जंगल शिल्लक आहे तिथे हा सापडतो, कुठे माणसाच्या उंचीचं झुडूप तर कुठे बऱ्यापैकी वाढलेलं लहान झाड, पानं फांदीच्या टोकाकडे गोळा झालेली, पावसाळ्यात पिवळट पांढरी बारीक फुलं येतात आणि त्या फुलांचा वास इतका घाण की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. पुढे फळं धरतात, पिकली की जांभळी होतात. बाकी दिसायला काही खास नाही, जवळून जाणारा माणूस थांबून बघेल असं तर अजिबात नाही.

पण याच्या मुळात, खोडात, सालीत कॅम्प्टोथेसिन नावाचं एक संयुग आहे आणि आज जगभर मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरवर जी काही महत्त्वाची औषधं दिली जातात त्यातली काही थेट या रेणूपासून बनतात. मी कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, नैसर्गिक संयुगं हा माझा आवडीचा विषय, आणि नरक्याबद्दल सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं कारण या झाडाचं दोन्हीकडून वाटोळं चाललंय. एकीकडे चोरून तोड होतेय आणि दुसरीकडे "कॅन्सरवर रामबाण जंगली वनस्पती" असे मेसेज फिरतायत आणि लोक त्याची पावडर घरी आणतायत. नरक्यात औषध आहे हे खरं, पण नरक्या उकळून प्यायला तर ते औषध होत नाही, आणि या दोन गोष्टींच्या मधे जवळजवळ चाळीस वर्षांचं काम आहे. ते काम काय होतं हे माहीत असेल ना तर माणूस झाड तोडणारही नाही आणि काढाही करणार नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही सगळी गोष्ट.

सुरुवात आपल्याकडे नाही, अमेरिकेत झाली. १९५० च्या दशकात तिथल्या कृषी खात्यात मन्रो वॉल नावाचे एक केमिस्ट होते, फिलाडेल्फियाजवळच्या लॅबमध्ये. त्यांचं काम कॅन्सरचं नव्हतंच, कॉर्टिसोन बनवायला कच्चा माल म्हणून वनस्पतींमधली स्टेरॉइड शोधायची होती आणि त्यासाठी त्यांच्याकडे हजारो झाडांचे अर्क तयार होऊन पडलेले. १९५७ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले जोनाथन हार्टवेल यांनी त्यांना विचारलं की यातले हजारभर अर्क आम्हाला कॅन्सरविरुद्ध तपासायला द्याल का. वॉलनी दिले. त्यात एक अर्क होता कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा, हे झाड कॅलिफोर्नियात चिकोच्या सरकारी बागेत लावलेलं होतं. उंदरांवरच्या टेस्टमध्ये त्या सगळ्या ढिगातून हाच अर्क उठून दिसला.

यानंतर वॉल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९६२ मध्ये तिथे त्यांना येऊन मिळाले मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. हो, आपलं नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्रीत बीएस्सी, एमएस्सी, मग इंडियाना विद्यापीठातून पीएचडी आणि नंतर इथे. या दोघांनी मिळून कॅम्प्टोथेसिन शोधलं आणि पुढे पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉलसुद्धा शोधलं (स्तनाच्या कॅन्सरला देतात ते पॅक्लिटॅक्सेल, तेच). एका माणसाच्या हातून कॅन्सरच्या दोन वेगवेगळ्या औषध-घराण्यांचे मूळ रेणू बाहेर पडले आणि तो माणूस खानदेशातला होता, हे मी दरवर्षी वर्गात विचारते तर एखादाच हात वर होतो. वाणी २०२० मध्ये गेले, ९५ वर्षांचे होऊन. आपल्याकडे त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही याचं मला फार वाईट वाटतं, निदान खानदेशातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तरी या माणसाचा फोटो असायला पाहिजे.

त्यांनी काम कसं केलं ते जरा सांगते कारण खरी मेहनत इथे आहे. झाडाचा अर्क म्हणजे शेकडो संयुगांची खिचडी असते, त्यातलं नेमकं कुठलं काम करतंय हे बघून कळत नाही. मग अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायला पाठवायचा, निकाल येईपर्यंत थांबायचं, ज्या भागात असर दिसला त्याचे परत भाग पाडायचे, परत पाठवायचं, परत थांबायचं. असं करत करत एक शुद्ध पिवळसर स्फटिकी पदार्थ हातात आला. मजेची गोष्ट म्हणजे हा रेणू अल्कलॉइडमध्ये (वनस्पतींमधल्या नायट्रोजनवाल्या संयुगांच्या गटात) मोडतो, पण अल्कलॉइड ओळखायच्या ज्या नेहमीच्या टेस्ट असतात ना, ड्रॅगेनडॉर्फ, मायर, आपण बीएस्सीला करतो त्याच, त्यात हा येतच नाही कारण याचा बेसिक, म्हणजे आम्लाच्या उलटा, गुणधर्म फारच कमी. म्हणजे कोणी नुसत्या टेस्टट्यूबमधल्या रंगावर भरवसा ठेवून काम केलं असतं तर हा रेणू सिंकमध्ये गेला असता, तो सापडला कारण ते उंदरांच्या निकालाच्या मागे गेले, रंगाच्या मागे नाही. १९६६ मध्ये त्यांनी रचना प्रसिद्ध केली, अणूंच्या एकमेकांना जोडलेल्या पाच रिंगा आणि त्यातली शेवटची लॅक्टोन रिंग, म्हणजे ऑक्सिजन असलेली, उघडू आणि परत बंद होऊ शकणारी. ही लॅक्टोन रिंग लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिथेच होणार आहे.

आता नरक्या कुठून आला. चिनी झाडात कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण अगदीच नगण्य होतं, आणि जगात आणखी कुठल्या झाडात हे मिळतं का याची कोणाला कल्पना नव्हती. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सीबा रिसर्च सेंटरमध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवलं की पश्चिम घाटातल्या मॅपिया फीटिडा या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे आणि तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. मॅपिया फीटिडा म्हणजेच आपला नरक्या, आता त्याचं शास्त्रीय नाव नॉथापोडायटिस निमोनियाना असं आहे, त्यातलं निमोनियाना हे जोसेफ निमो यांच्यावरून, ज्यांनी जॉन ग्रॅहम यांचं मुंबईच्या वनस्पतींचं १८३९ चं कॅटलॉग ग्रॅहम गेल्यावर पूर्ण केलं. नरक्याच्या सुक्या मुळात ०.३ टक्क्यांपर्यंत कॅम्प्टोथेसिन सापडलंय. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण नैसर्गिक संयुगांच्या दुनियेत हजारात तीन भाग म्हणजे श्रीमंती आहे. दोन अगदी वेगळ्या कुळातली झाडं, एक चीनचं एक सह्याद्रीचं, आणि दोघांनी हाच अवघड पाच रिंगांचा रेणू बनवायची कला आपापली शिकून घेतली, मला अजूनही याचं नवल वाटतं.

त्याच लॅबने नरक्यातून मॅपिसिन नावाचं आणखी एक संयुग काढलं, कॅम्प्टोथेसिनचंच भावंड, आणि त्यापासून बनणाऱ्या कीटोनमध्ये पुढे हर्पिसच्या विषाणूंविरुद्ध गुण दिसला. पण तो वेगळा विषय.

हां, तर १९७० च्या सुरुवातीला अमेरिकेत पेशंटवर चाचण्या सुरू झाल्या आणि तिथे माती खाल्ली. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग शिरेतून द्यायचं कसं, म्हणून त्याचं सोडियम सॉल्ट केलं. सॉल्ट करताना ती लॅक्टोन रिंग उघडते. उघडल्या रिंगेचा रेणू पाण्यात छान विरघळतो पण कॅन्सरवर त्याचा असर फारच कमी, शिवाय रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन त्याला घट्ट धरून बसतं. म्हणून डोस वाढवावा लागला. आणि मग हे औषध किडनीतून लघवीत उतरलं, लघवी आम्लधर्मी, तिथे रिंग परत बंद झाली आणि मूत्राशयात पोचल्यावर ते पूर्ण ताकदीचं कॅम्प्टोथेसिन झालं. पेशंटना लघवीतून रक्त जायला लागलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, जुलाब. चाचण्या बंद केल्या गेल्या. साधारण दहा-बारा वर्षं हा रेणू कपाटात पडून राहिला.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिला कारण "नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. ज्याने पेशंटच्या मूत्राशयातून रक्त आणलं तो रेणू शंभर टक्के नैसर्गिकच होता हो, झाडाने बनवला तसाच्या तसा.

मग १९८५ मध्ये कळलं की हा नेमकं करतो काय. लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सोबतच्यांनी दाखवलं की कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज वन या एन्झाइमला पकडतं. समजायला सोपं आहे. दोन पदरी पिळाची सुतळी मधून धरून पदर वेगळे करायला लागा, पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि एका जागी अडकून बसतो. पेशी विभागताना डीएनएचे दोन पदर वेगळे करावे लागतात तेव्हा हेच होतं, म्हणून हे एन्झाइम एक पदर कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि लगेच पदर परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन येऊन बरोब्बर त्या कापलेल्या जागेत घुसतं आणि जोडणी होऊ देत नाही. तेवढ्यात डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन त्यावर आदळते आणि दोन्ही पदर तुटतात, पेशी मरते. ज्या पेशी सारख्या विभागतायत त्यांना हा फटका जास्त बसतो, म्हणून कॅन्सरला बसतो, आणि म्हणूनच आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेलाही बसतो, कारण त्याही पेशी रोज विभागतच असतात.

हे कळल्यावर लोक परत कपाटाकडे धावले. रिंग शाबूत ठेवायची पण पाण्यात विरघळेल असं काहीतरी रेणूला जोडायचं, अशा प्रयत्नांतून दोन औषधं आली. जपानच्या याकुल्ट कंपनीचं इरिनोटेकॅन (हो, दह्यासारखं ते पेय विकणारीच याकुल्ट) आणि अमेरिकेत टोपोटेकॅन. दोघांनाही अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, टोपोटेकॅनला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी, इरिनोटेकॅनला मोठ्या आतड्याच्या. जपानमध्ये इरिनोटेकॅन त्याआधीच, १९९४ पासून होतं. म्हणजे हार्टवेलनी अर्क मागितले तिथपासून पेशंटच्या सलाइनपर्यंत जवळपास चार दशकं, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी हा रेणू काय करतो हेच माहीत नव्हतं.

इरिनोटेकॅनशी माझी ओळख पुस्तकातून झाली होती पण खरी भेट मावशीच्या आजारपणात झाली. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तो लिव्हरपर्यंत गेलेला होता, डॉक्टरांनी फोलफिरी म्हणून जो प्लॅन असतो तो सुरू केला, त्यात इरिनोटेकॅन असतं आणि सोबत दुसऱ्या औषधाचा ४६ तासांचा पंप, दर दोन आठवड्यांनी. औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि मी तिथेच तिला म्हटलं, मावशी, हे आपल्या आंबोलीतल्या झाडात सापडतं त्याच्यापासून बनलंय. ती म्हणाली, "मग मुकाट्याने घेते बाई, आपलंच आहे." पहिल्या वेळी सलाइन चालू असतानाच तिला दरदरून घाम आला, पोटात मुरडा, तोंडाला पाणी सुटलं, तर सिस्टरने लगेच अ‍ॅट्रोपिन दिलं आणि पुढच्या वेळेपासून ते आधीच द्यायला लागले. हा त्रास लगेचचा. दुसरा त्रास काही दिवसांनी येतो, जुलाबाचा, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. इरिनोटेकॅन स्वतः फार जोरकस नसतं, शरीरात गेल्यावर त्याचं एसएन-३८ बनतं आणि ते मुख्य हत्यार. लिव्हर या एसएन-३८ ला एक साखरेचा तुकडा चिकटवून निष्क्रिय करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं, पण आतड्यातले काही जिवाणू तो तुकडा परत तोडून काढतात आणि औषध तिथे पुन्हा जिवंत होतं, आतड्याचं अस्तर जळतं. शिवाय साखर चिकटवणाऱ्या एन्झाइमचा जीन काही लोकांमध्ये जरा मंद असतो, त्यांना नेहमीचा डोसही झेपत नाही, म्हणून २००५ पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात त्याची सूचना असते आणि आपल्याकडेही डॉक्टर गरज वाटली तर ती टेस्ट करायला सांगतात.

याच दिवसांत माझा मावसभाऊ एक पाकीट घेऊन आला. करड्या रंगाची पावडर, वर लेबल वगैरे काही नाही, कोणीतरी ओळखीच्याने दिलेली. "ताई, हे नरक्याचंच आहे, तूच म्हणालीस ना यातच ते औषध असतं, मग सकाळी एक चमचा गरम पाण्यातून द्यायला काय हरकत आहे, खर्चही वाचेल." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आईचा जीव जातोय म्हटल्यावर मुलगा काहीही आणेल. मी त्याला शेजारी बसवून सांगितलं की बाबा रे, एक तर हा खरंच नरक्या आहे का तेच आपल्याला माहीत नाही. असला तरी एका चमच्यात किती कॅम्प्टोथेसिन आहे ते कोणालाच सांगता येणार नाही, एका झाडात नि दुसऱ्या झाडात, मुळात नि पानात प्रमाण कितीतरी वेगळं असतं. गरम पाण्यात ते नीट उतरतच नाही. आणि जे काही उतरेल ते इरिनोटेकॅन नसेल, ते सत्तरच्या दशकात बंद पडलेलं मूळ कॅम्प्टोथेसिन असेल, ते मावशीच्या सलाइनच्या डोसवर वरून जाऊन पडेल, आधीच पांढऱ्या पेशी खाली आल्यात, त्या आणखी खाली गेल्या तर साध्या तापानेही माणूस जातो. त्याने ते पाकीट माझ्याकडे दिलं. मावशीला त्या औषधाने वेळ मिळाला, बरेच महिने मिळाले, नातीचं बारसं तिने स्वतः पुढे होऊन केलं. आज ती नाही.

ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, काहीही देणार असाल, अगदी हळदीची कॅप्सूल असली तरी, ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) सांगून द्या. ते ओरडतील या भीतीने लपवू नका.

आता तोडीकडे येते. कॅम्प्टोथेसिन लॅबमध्ये पूर्ण बनवता येतं, १९७१ पासून बनवलं गेलंय, पण ते महाग आणि लांबलचक पडतं, म्हणून आजही उद्योग झाडातूनच काढलेल्या मालावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. आणि प्रमाण जास्त मुळात आणि खोडात, म्हणजे पानं खुडून भागत नाही, झाड तोडतात, मुळासकट उपटतात, तुकडे करून पोत्यात भरतात. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात नरक्याची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत. कोकणात तर जंगलाचा मोठा भाग मालकीचा आहे, तिथे एजंट येतो, रान साफ करून देतो म्हणतो, मालकाला किरकोळ पैसे मिळतात आणि त्याच्या रानातून काय गेलं हे त्याला कळतही नाही. तोडणारा मजूर, मालक, दोघांच्याही हातात काहीच उरत नाही, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याच लाकडातल्या रेणूची कुपी बनते. मला याचा खरंच राग येतो. हे झाड हळू वाढतं, नर आणि मादी फुलं बऱ्याचदा वेगवेगळ्या झाडांवर असतात, त्यामुळे एका भागातली मोठी झाडं गेली की उरलेल्यांना फळं धरणंच अवघड होतं. नुसती संख्या कमी होत नाही, पुढची पिढी थांबते.

यावर उपाय शोधणारं काम आपल्या देशात बरंच झालंय आणि ते फार लोकांना माहीत नाही. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवून त्यातून कॅम्प्टोथेसिन काढायचे प्रयत्न झाले. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी पश्चिम घाटभर फिरून नरक्याच्या कुळातल्या इतर वनस्पती तपासल्या आणि मिक्वेलिया डेंटाटा नावाच्या वेलीत भरपूर कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. जम्मूच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये तर वेगळंच काढलं, नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी सापडली जी झाडाबाहेर काढून वाढवली तरी स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवते. तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलं कोडं, आता टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची, झाडाला हात लावायची गरज नाही. पण अशा बुरश्यांची अडचण अशी निघाली की झाडाबाहेर एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर नेत गेलं की त्या हळूहळू हे बनवायचंच सोडून देतात. झाडाच्या सोबतीत असं काय मिळतं ज्यामुळे त्यांची रसायनं चालू राहतात हे शोधायचं काम अजून चालू आहे, आणि मला तरी हा या सगळ्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो.

आणखी एक सुंदर गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टोपोआयसोमरेज वन हे एन्झाइम झाडांनाही लागतं. मग ज्या झाडाच्या अंगभर हे विष आहे ते स्वतः कसं मरत नाही? २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी चिनी कॅम्प्टोथेका आणि ऑफिओरायझा नावाच्या दुसऱ्या वनस्पतीत बघितलं तर एन्झाइम ज्या अमिनो आम्लांच्या साखळीचं बनतं तिच्यात ७२२ नंबरच्या जागेवर अ‍ॅस्पॅराजीन या अमिनो आम्लाच्या ऐवजी सेरीन बसलेलं, एवढ्या एका बदलाने कॅम्प्टोथेसिन तिथे नीट घुसू शकत नाही. आणि अगदी हाच बदल, त्याच जागेवर, कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सर पेशींमध्ये आधीच सापडलेला होता! झाडाने लाखो वर्षांत शोधलेला बचाव गाठीतल्या पेशीने काही महिन्यांत शोधला. औषध काही काळाने लागू पडेनासं का होतं याचं उत्तर झाडाकडे बघूनही मिळू शकतं, हे मला विद्यार्थ्यांना सांगताना अंगावर काटा येतो.

आणि रेणू म्हातारा झालाय असं समजू नका. गेल्या काही वर्षांत स्तनाच्या कॅन्सरसाठी जी अँटिबॉडीला औषध चिकटवलेली नवी इंजेक्शनं आली, ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन २०१९ मध्ये आणि सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकॅन २०२० मध्ये मान्यता मिळालेलं, त्या दोन्हींच्या शेपटीला कॅम्प्टोथेसिनच्याच घराण्यातलं औषध आहे, गोव्हिटेकॅनमध्ये तर तेच एसएन-३८. अँटिबॉडी गाठीच्या पेशीपर्यंत पत्ता शोधत नेते आणि तिथे माल उतरवते. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण साठ वर्षांपूर्वी वाणींनी फनेलमधून काढलेला तो पिवळा पदार्थ अजून नवीन नवीन रूपात पेशंटपर्यंत पोचतोय.

आमच्या कॉलेजात आम्ही एवढं मोठं काही करत नाही. एका मित्राच्या मालकीच्या रानात वादळात पडलेली नरक्याची फांदी मिळाली होती, त्याच्या परवानगीने आणली, सावलीत वाळवली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि मुलांनी टीएलसी प्लेटवर (अर्कातली संयुगं वेगवेगळ्या उंचीवर वेगळी करणारी पातळ थराची प्लेट) ठिपके दिले. साध्या उजेडात प्लेटवर फिकट पट्ट्यांशिवाय काही दिसत नव्हतं. यूव्ही लॅम्पखाली धरली तर एका जागी झगझगीत निळा ठिपका, तुलनेसाठी लावलेल्या शुद्ध कॅम्प्टोथेसिनच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर. एक मुलगी चंदगडची, तिचे वडील पूर्वी लाकडाच्या गाडीवर जायचे, ती बराच वेळ लॅम्प सोडेना. म्हणाली, मॅडम, हे झाड आमच्याकडे जळणाला घेतात.

तिच्याच पुढाकाराने या पावसाळ्यात आम्ही बी गोळा करायचं ठरवलंय. सध्या पाच-सहा ठिकाणची मादी झाडं नोंदवून ठेवलीत, फळं पिकली की पक्ष्यांच्या आधी पोचायचंय, गर काढून बी ताजं असतानाच पिशव्यांमध्ये पेरायचं. सोबत पानांचे नमुनेही घेणार आहोत, कारण पानात प्रमाण कमी असलं तरी पानं दरवर्षी परत येतात, आणि कुठल्या झाडाच्या पानात त्यातल्या त्यात जास्त आहे हे कळलं तर लागवडीसाठी तीच झाडं निवडता येतील. आजरा, चंदगड, आंबोली, राधानगरी भागात कोणाच्या मालकीच्या रानात नरक्या असेल आणि बी वेचायला येऊ देणार असाल तर नक्की कळवा, रोपं झाली की निम्मी तुमच्याच रानात लावून देऊ. आणि कुठे तोड चाललेली दिसली तर स्वतः भांडायला जाऊ नका, वन खात्याचा १९२६ हा नंबर आहे, त्यावर जागा नीट सांगा.